वरच्या चार ओळी

सप्टेंबर निम्मा सरला तरी धग हटायचं नाव घेत नव्हती. पूर्वेच्या डोंगरात कुठेतरी रान पेटलं होतं आणि त्याचा धूर आठ दिवस झाले दरीत येऊन बसला होता. सूर्य उगवायचा तोच तांब्याच्या रंगाचा. दहा वाजले की अंगाची लाही व्हायची. ओढा इतका आटला होता की पाणी उपसायचा पाइप रोज हातभर पुढे सरकवावा लागे.

नेल्डा त्या सोमवारी सहालाच मळ्यात आली. मळा म्हणजे परवान्याचा गांजा, उतारावर आडव्या आठ ओळी, एकेका ओळीत दहा झाडं. झाडं छातीला लागत होती. तुरे मनगटाएवढे जाड झाले होते आणि हात लावला की बोटं चिकटत होती. अजून दहा दिवस मिळाले की तिच्या ओळी कापायला येणार होत्या. पाचव्या ओळीत ती सहज म्हणून वाकली, खालचं एक पान धरलं आणि तशीच राहिली. पानावर सुईने टोचल्यासारखे पांढरे ठिपके होते.

गळ्यातलं भिंग तिने डोळ्याला लावलं. पानाच्या मागे शिरेच्या आडोशाला रस शोषणारे पिवळट कोळी बसले होते, पाठीवर दोन-दोन काळे ठिपके. शेजारी काचेच्या मण्यांसारखी अंडी. तिने पुढचं झाड बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. सहाव्या ओळीत तुरळक होते. सातवी-आठवी साफ. म्हणजे आले ते वरून.

वरच्या चार ओळी ऑपलच्या होत्या. ऑपल तिची नणंद. जमीन बहीण-भावाची, ऑपलची आणि नेल्डाच्या नवऱ्याची. ड्वेन गेल्या वर्षी एप्रिलात कुंपणाचा खांब ठोकता ठोकता खाली बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून परवान्यावर दोघींची नावं होती. मळ्याच्या मधोमध एक चर होती. चरीच्या वर नणंद, खाली भावजय. ती ओलांडायची नाही हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण दोघी पाळत होत्या.

नेल्डाने चर ओलांडली. चौथ्या ओळीत भिंगाची गरजच पडली नाही. शेंड्याच्या तुऱ्यांवर जाळी धरली होती, आणि तिच्यावरून धुळीच्या कणांसारखे कोळी वरखाली चालत होते. तिसऱ्या ओळीतही तेच. पुढे न जाता ती तशीच वरच्या घराकडे चढून गेली.

ऑपल पडवीत बसून पीच सोलत होती. चौसष्ट वर्षांची बाई, अंगाने रुंद, केस पुरुषासारखे कापलेले. पायऱ्यांशी नेल्डा उभी राहिली तरी तिने मान वर केली नाही.

"चौथ्या ओळीत जाळी धरलीय," नेल्डा म्हणाली.

"माझ्या ओळीत तू काय करत होतीस?"

"माझ्या पाचवीत कोळी आलेत. कुठून आले ते बघायला गेले."

"आणि माझ्याकडून आले असं ठरवून आलीस."

"जाळी एका रात्रीत होत नाही, ऑपल. पंधरा दिवस झाले असतील. तुला दिसलं नाही?"

ऑपलच्या हातातली सुरी थांबली. सालीचं लांबलचक वेटोळं तिच्या मांडीवर पडलं.

"दिसलं की. मला सगळं दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला? ड्वेन असता तर त्याला बोलले असते." तिने पीच मधोमध चिरला. "समुद्रावरून आलेल्या माणसाने मला झाडं शिकवू नयेत. तुझा बाप मासे पकडायचा. त्यांना कोळी लागतात का?"

एकोणीस वर्षं झाली होती नेल्डाला या डोंगरात येऊन. समुद्र अजून तिच्या नावाला चिकटलेलाच होता. ती खाली उतरली.

मंगळवारी ती गावात मर्लच्या दुकानात गेली. मर्ल खतं, पाइप, कुंपणाची तार असलं विकायचा आणि स्वतःही वीस वर्षं गांजा पिकवलेला माणूस होता. तिने डबीत घालून नेलेलं पान त्याने खिडकीशी धरून बघितलं.

"तुरे भरलेत?"

"भरलेत."

"मग आता फवारायचं काही नाही. तेल मारलंस तर तुऱ्यात मुरतं. गंधक मारलंस तर ओढणारा खोकून मरेल. जालीम औषध मारलंस की तपासणीत सापडतं. पलीकडच्या खोऱ्यातल्या एकाचा सगळा माल मागल्या साली सरकारी माणसासमोर दळून मातीत मिसळला. मी बघायला होतो. तो बाप्या रडला नाही, पण त्यानंतर बोलायचाच बंद झाला." त्याने पान डबीत परत टाकलं. "तुझा माल दहा दिवसांवर असेल."

"माझा. ऑपलचा वाण उशिराचा आहे. तिला अजून महिना लागेल."

"मग तिचं अवघड आहे."

थंड पेटीतून त्याने कोंडा भरलेल्या चार बाटल्या काढल्या. त्यात नारिंगी रंगाचे शिकारी कोळी होते, या कोळ्यांना खाणारे. "पानांवर कोंडा भुरभुरवायचा. जिथे नुसते ठिपके आहेत तिथे हे पुरे पडतील. जिथे शेंड्याला जाळी बांधलीय ते झाड गेलं असं समज. जागच्या जागी पिशवीत घालून काढायचं, मळ्यातून ओढत न्यायचं नाही. काम चांगल्या ओळीत आधी करायचं, खराब ओळीत शेवटी. कपड्यांवरून जातात ते. आणि धूळ उडू देऊ नका. धुळीत त्यांचं फार फावतं."

नेल्डाने दोन बाटल्या स्वतःला ठेवल्या. दोन वर नेल्या, पायरीवर ठेवल्या, आणि मर्लचं बोलणं जाळीच्या दारातून आत सांगितलं. आतून रेडिओचा आवाज मोठा झाला. दुसऱ्या दिवशी बाटल्या पायरीवर नव्हत्या. फेकल्या असतील, असं तिने धरलं.

त्यानंतरचे चार दिवस तिने गुडघ्यांवर काढले. पहाटे फटफटलं की आधी आठवी ओळ, मग सातवी, सहावी, शेवटी पाचवी. एकेक पान उलटं करायचं, ठिपक्याचं दिसलं की खुडून कमरेच्या पिशवीत टाकायचं. पाठीवरच्या पंपाने पानांच्या मागून नुसत्या पाण्याचा बारीक मारा करायचा, पण तुऱ्यात पाणी साठलं तर तिथे बुरशी धरते, म्हणून प्रत्येक फांदी हाताने झाडायची. ऊन चढायच्या आत सगळं कोरडं झालं पाहिजे. पंप भरला की सोळा किलोचा व्हायचा. त्याच्या पट्ट्यांनी खांद्यावर वळ उठले. डावा गुडघा पावासारखा सुजला. बोटांवर चीक बसून काळी पुटं धरली, ती रात्रीच्या जेवणालाही सुटायची नाहीत. धुराने घसा इतका धरला होता की स्वतःशी बोलायचं म्हटलं तरी खरखर यायची.

मळ्याच्या कडेने एक कच्चा रस्ता वरच्या घराकडे जायचा. ऑपलची पिकअप दिवसातून चार-पाचदा त्याच्यावरून जायची, आणि मागे धुळीचा लोट उठून सावकाश ओल्या पानांवर बसायचा. गुरुवारी नेल्डा पंपासकट रस्त्यात जाऊन उभी राहिली. पिकअप तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"हळू चालव," नेल्डा म्हणाली. "मर्लने सांगितलंय धुळीचं. तुझ्याच ओळींवर पडते."

"हा रस्ता माझ्या बापाने फावड्याने काढलाय."

"म्हणून म्हणतेय का मी, चालवू नकोस? हळू चालव."

"बाजूला हो. एवढं पाणी पाठीवर घेऊन उभी आहेस, पडशील. उचलायला कोण येणार?"

त्या दुपारी पिकअप दुप्पट वेगाने गेली. संध्याकाळी नेल्डाने आपल्या वाट्याचं पाणी बादल्यांनी रस्त्यावर ओतलं. दहा बादल्या. उतरत्या उन्हात अर्ध्या तासात सगळं वाळून रस्ता होता तसा झाला. ऑपल पडवीत बसून तिच्याकडे बघत होती, बादली रिकामी झाली की मान हलवत होती.

तरीही पाचवी ओळ सुधारत होती. शनिवारी भिंगातून तिला पहिला नारिंगी कोळी दिसला, एका पिवळ्याला धरून बसलेला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. ड्वेन गेल्यापासून या मळ्यात तिच्या बाजूने उभं राहिलेलं ते पहिलंच कुणी होतं.

रविवारी सकाळी ती आली तर चर पानांनी भरलेली. पिवळी पडलेली, जाळी धरलेली पानं, वरच्या ओळींतून खुडून चरीत लोटून दिलेली. ढिगाचं एक टोक तिच्या पाचव्या ओळीच्या बुंध्यांना टेकलं होतं. पानं सुकत चालली होती आणि कोळी ढीग सोडून हिरव्याच्या शोधात निघाले होते. पहिल्या तीन झाडांच्या खोडांवरून त्यांची रांग वर चढत होती.

ऑपल तिसऱ्या ओळीत होती. हाताने चाचपून पानं तोडत होती.

"हे तू टाकलंस?"

"वाऱ्याने गेली असतील."

"वाऱ्याने ढीग लावला?"

ऑपल सरळ झाली. घामाने तिच्या शर्टाला पाठीवर मिठाचे पट्टे उमटले होते. "चर दोघींची आहे. अर्धी माझी. माझ्या अर्ध्यात टाकली."

"चौथी आणि तिसरी कापून टाक, ऑपल. त्यात आता काही उरलेलं नाही. पहिली-दुसरी वाचेल तुझी, आणि माझ्या चार वाचतील. ती तशीच ठेवलीस तर आठही जातील."

"ही झाडं ड्वेनच्या बियाची आहेत. आठ वर्षं त्याने ते बी जपलं."

"मला सांगतेस? माझ्या फ्रीजमध्ये असायचं ते."

"तुझा फ्रीज? तो फ्रीज आमच्या आईचा. तुझं काय होतं त्या घरात? एक पेटी घेऊन आलीस, तिचंही कुलूप मोडकं होतं." ऑपलचा आवाज चढला नाही. सावकाश, मोजून बोलल्यासारखी ती बोलत होती. "तुला तो अठरा वर्षं मिळाला. मला अठ्ठावन्न. एवढा हिशोब ठेव म्हणजे झालं."

"मी कापीन मग."

"हात लाव. उद्या मी शहरात जातेय दात काढायला. येईन दोनला. तुझ्या पायाचा ठसा चरीच्या वर दिसला तर याद राख."

नेल्डाने तो सगळा दिवस चर साफ करण्यात घालवला. ढीग पिशव्यांत भरला, तोंडं बांधली, त्या तीन झाडांची खोडं ओल्या फडक्याने पुसली. गुडघा वाकेना म्हणून ती बसून सरकत होती. वर पडवीत ऑपल जेवली, झोपली, उठली.

सोमवारी सकाळी सहाला पिकअप गेली. धूळ खाली बसेपर्यंत नेल्डा थांबली. मग तिने काळ्या पिशव्यांची दोन भेंडोळी आणि लांब दांड्याची कात्री घेतली आणि चर ओलांडली.

चौथ्या ओळीच्या टोकापासून तिने सुरुवात केली. शेंड्यावर पिशवी उलटी घालायची, खाली ओढत आणायची, फांद्या आत दाबायच्या, बुंधा कापायचा, तोंड बांधायचं. जाळीचे धागे तिच्या भुवयांना, ओठांना चिकटत होते. हातावरून कोळी चालत असल्याचं जाणवत होतं, तरी ती थांबून पुसत नव्हती. नऊला चौथी ओळ संपली, साडेअकराला तिसरी. वीस पिशव्या रस्त्याच्या कडेला उन्हात ठेवल्या. काम संपलं होतं. घरी जायचं, आंघोळ करायची, कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे.

ती दुसऱ्या ओळीत शिरली.

नुसतं बघायला म्हणून शिरली. पान उलटून भिंग लावलं. ठिपके जुने होते, अंडी जवळजवळ नव्हतीच. पानाच्या देठाशी कोंड्याचे कण अडकले होते आणि शिरेवरून एक नारिंगी कोळी घाईघाईने चालला होता. पुढच्या पानावर आणखी दोन. म्हणजे ऑपलने त्या बाटल्या फेकल्या नव्हत्या. कुणी बघत नसताना येऊन एकेका झाडावर कोंडा भुरभुरवला होता. शेंडे साफ होते. ही ओळ वाचली असती. नेल्डाला ते स्वच्छ दिसलं.

तिला अठ्ठावन्नाचा हिशोब आठवला. पेटीचं कुलूप आठवलं. रस्त्यावर ओतलेल्या दहा बादल्या आठवल्या, आणि प्रत्येक बादलीला हललेली ती मान. तिने भिंग शर्टाच्या आत सोडलं आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याला कात्री लावली. दहाही झाडं कापली. या वेळी पिशवी घालायच्या आधी ती शेंड्याकडे बघत नव्हती. पहिली ओळ उरली ती पिशव्या संपल्या म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

दोन वाजून गेले, तीन वाजले. साडेतीनच्या सुमारास पिकअप आली ती बैलाच्या चालीने. धूळ अशी उडालीच नाही. पिशव्यांपाशी येऊन थांबली. ऑपल खाली उतरली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यावर जाड पांढरी पट्टी होती.

नेल्डा चरीपाशी उभी होती. तिला आधी वाटलं कुणी मारलं की काय.

"दात काढायला गेली होतीस ना?"

डावा डोळा बारीक करून ऑपल उघड्या पडलेल्या मातीकडे बघत होती. एकेक पाऊल टाकत चौथ्या ओळीत गेली, वाकून एक खुंट हाताने चाचपला, मग दुसरा. ती ज्या तऱ्हेने चाचपत होती ते नेल्डाने रविवारीही बघितलं होतं. तिसऱ्या ओळीत हाताने पानं चाचपणारी ऑपल तिला आता दिसली. जाळी धरेपर्यंत हिला काही दिसलंच नव्हतं. ठिपके, अंडी, काहीच नाही. गाडी चालवायचा परवाना जाईल, मळ्याचा जाईल, भावजय म्हणेल तसं वागावं लागेल, म्हणून तोंड दाबून बसली होती. आणि डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊन, दोन तासांचा घाट एका डोळ्याने चालवत आली होती.

"डॉक्टरने गाडी चालवू दिली?" नेल्डाने विचारलं.

"डॉक्टर तिथे राहिला." ऑपल ओळी मोजत वर गेली. पहिल्या ओळीला तिचा हात लागला. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग खाली आली, नेल्डाच्या जवळून गेली आणि चरीच्या कडेला टेकवलेली लांब दांड्याची कात्री उचलली.

"ऑपल."

ऑपल चर ओलांडून खाली गेली, पाचवी, सहावी, सातवी मागे टाकून थेट आठव्या ओळीच्या टोकाला. तिने कात्रीची पाती एका झाडाच्या बुंध्याला लावली आणि दांडे मिटले. झाड आपल्याच वजनाने बाजूला कलंडलं. तिने दुसऱ्याला लावली.

नेल्डा धावत गेली. कात्रीला हात घालायचा म्हणूनच गेली होती. पण आडव्या पडलेल्या झाडाचे तुरे तिने बघितले, आणि हात तिथेच राहिला. आठवी ओळ सगळ्यात आधी भरली होती. केसर तांबूस झालं होतं, चिकाचे दाणे दुधाळ. कापणी चार दिवस आधी होत होती, एवढंच. आणि ऑपल थांबणार नव्हती. तिच्या हातातून कात्री ओढायची तर तिला खाली पाडावं लागलं असतं, त्या डोळ्यासकट. पडलेलं झाड मातीत राहिलं तर तासाभरात वाया जाईल. नेल्डा वळली, शेडमधून ताडपत्री आणली आणि पडलेली झाडं उचलायला लागली.

ऑपल कापत होती, नेल्डा वाहत होती. शेडबाहेर तिने तीन टाक्या पाण्याने भरल्या, प्रत्येक फांदी तिन्हींतून बुडवून काढली, झटकली, आत तारेवर उलटी टांगली, पंखे लावले. पहिल्या टाकीच्या पाण्यावर कोळ्यांची आणि धुळीची तपकिरी साय धरली. सातवी ओळ संपल्यावर ऑपल बुंध्याशी टेकून बसली. डोळ्याच्या पट्टीखालून पाणी गालावर येत होतं.

"वाकू नकोस आता," नेल्डा म्हणाली. "पट्टी ओली झालीय."

"तू आपलं उचल."

ऑपल उठली. सहावी ओळ कापताना तिच्याही लक्षात आलं असावं. एक तुरा तिने नाकाशी नेला, बोटांत चुरला, चांगल्या डोळ्याजवळ धरून बघितला. ज्याचं नुकसान करायला आली होती त्याचीच ती कापणी करत होती. तिने तुरा खाली टाकला. पण कात्री टाकली नाही. आता थांबायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागलं असतं. ती पाचव्या ओळीत शिरली आणि होती तितक्याच जोराने दांडे मिटायला लागली.

सूर्य धुरात बुडाला तेव्हा चाळीस झाडं तारेवर होती. नेल्डा शेडच्या उंबऱ्यात बसली, गुडघा लांब करून. ऑपल पाण्याच्या टाकीत हात धूत होती. चीक निघत नव्हता.

"तिसरी-चौथीत जाळी होती," ऑपल म्हणाली. पाठमोरीच होती.

"होती."

"दुसरीत होती?"

नेल्डाला हो म्हणता आलं असतं. पिशव्या बांधलेल्या होत्या, दिवसभर उन्हात तापून आतली झाडं शिजली होती. कुणाला काही बघता येणार नव्हतं, आणि ऑपलला तर मुळीच नाही. म्हणूनच ती विचारत होती.

"नव्हती," नेल्डा म्हणाली.

ऑपलचे हात पाण्यात थांबले.

"तुझे नारिंगी कोळी होते दुसरीत. बसले होते चांगले. मला दिसले." ती टाकीतल्या पाण्याकडे बघत होती. "दिसले आणि कापली."

ऑपलने हात पँटला पुसले.

"मी पण पानं वाऱ्याने गेली म्हणाले होते," ती म्हणाली. "पण मी झाड नाही कापलं तेव्हा. पानं टाकली." तिने तोल सांभाळायला दाराची चौकट धरली. नेल्डा उठायला गेली, तशी तिने हात वर केला. "पहिली ओळ मी बघीन. तू चरीच्या वर यायचं नाही. डोळे फुटले तरी मी बघीन."

ती अंधारत्या रस्त्याने घराकडे चढली. पिकअप दुसऱ्या दिवशीपर्यंत पिशव्यांपाशी तशीच उभी होती.

पुढच्या आठवड्यात वारा फिरला आणि धूर निघून गेला. नेल्डाचा माल वाळला, तपासणीत काही निघालं नाही. दररोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला वर पहिली ओळ दिसायची आणि ओळीत ऑपल. आधी पट्टी होती, मग काळा चष्मा आला, मग तोही गेला. ऑपलने कुठूनतरी भिंग मिळवलं होतं. खुर्ची टाकून ती एकेक पान बघायची. पिकअप आता रस्त्याने हळू जायची, पण खालच्या घरासमोरून जाताना ऑपल इकडे बघत नसे. दुकानातून येताना नेल्डा एकदा कोंड्याच्या दोन बाटल्या घेऊन आली. त्या तिच्याच फ्रीजमध्ये राहिल्या.

ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेला पाऊस येणार असं रेडिओने सांगितलं. एकोणीस तारखेच्या सकाळी वरून कात्रीचा आवाज आला. ओळ पिकली होती. दहा झाडं, तुरे जांभळट आणि जड. ऑपल एक झाड कापायची, ताडपत्रीत गुंडाळायची, खांद्यावर टाकून अडखळत खाली शेडपर्यंत आणायची. शेड एकच होती, दोघींची, आणि खालच्या घराशेजारी. मागच्या महिन्यात ज्या पाठीने नेल्डाची चाळीस झाडं कापली होती ती पाठ आता तिसऱ्या पावलाला वाकत होती.

नेल्डा हात पुसत बाहेर आली. वर जायचं नाही हे तिला माहीत होतं. तिने शेडचं दार सताड उघडलं, मिटू नये म्हणून त्याला दगड लावला, आणि घरात परत येऊन सिंकपाशी उभी राहिली.

ऑपल पहिलं झाड घेऊन दाराशी आली. उघडं दार तिने बघितलं, दगड बघितला. खांद्यावरचं ओझं सावरत तिने पायाने दगड बाजूला केला आणि दार ओढून कडी लावली. मग ओझं काखेत दाबून धरलं, मोकळ्या हाताने कडी काढली, दार स्वतः उघडलं आणि आत गेली.

तिने दहा खेपा केल्या. दहाही वेळा तिने दार लावलं आणि उघडलं.